जनसंपर्काची इंटर्नशिप: ऑफिसची कामं आणि भाषा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनसंपर्क संस्थेत किंवा एखाद्या कंपनीच्या कम्युनिकेशन विभागात इंटर्न म्हणून येणाऱ्या मुलामुलींना मी कामाला लावते, तेव्हा त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझी एकच अपेक्षा आहे. तुमच्या हातून जे बाहेर जाईल, मग तो मेल असो, यादी, टिपण किंवा प्रेस नोट, ते वाचणारा माणूस घाईत असतो. त्याला तुम्हाला उलटा फोन करून 'म्हणजे नक्की काय?' असं विचारावं लागू नये.

पहिले काही दिवस नेमकं काय करावं लागतं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात बातम्यांच्या नोंदींपासून होते. क्लायंट, त्याचे स्पर्धक आणि त्याचं क्षेत्र यांविषयी काय छापून आलं, काय दाखवलं गेलं, ते शोधून ठरलेल्या नमुन्यात सकाळीच पाठवायचं असतं. काम सोपं दिसतं म्हणून अनेक जण ते उरकून टाकतात. मला मात्र वाटतं की बातमी कशी तयार होते हे शिकायला याहून चांगली जागा नाही. प्रत्येक बातमीचा दोन ओळींचा सारांश लिहिताना स्वतःला विचारा: मुख्य मुद्दा काय आहे? क्लायंटचं नाव मथळ्यात आहे की शेवटच्या परिच्छेदात ओझरतं आलंय? वक्तव्य कुणाचं घेतलंय? आणि ही बातमी आली कुठून, प्रेस नोटमधून, मुलाखतीतून की वार्ताहराने स्वतः खणून काढली? काही दिवस हे नीट केलं की कुठला वार्ताहर कशात रस घेतो हे तुम्हाला न सांगता कळायला लागतं.

नोंदीत प्रकाशनाचं नाव, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक आणि लिंक हवी. लिंक उघडते का ते पाठवण्याआधी पाहा. क्लायंटच्या विरोधातली बातमी दिसली तर ती तक्त्यात भरून ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका, आधी वरिष्ठांना फोन करा.

जाहिरात आणि जनसंपर्क यांत फरक काय?

जाहिरातीची जागा पैसे देऊन घेतली जाते, म्हणून तिथे काय छापायचं ते पैसे देणारा ठरवतो. जनसंपर्कात आपण माहिती देतो. ती वापरायची की नाही आणि कशी वापरायची, हे संपादक ठरवतो. 'बातमी छापून येईलच' असं इंटर्नने कुणालाही सांगू नये, ते याच कारणाने.

मीडिया लिस्ट म्हणजे पत्रकारांची यादी. ती बनवायला इतके दिवस का लागतात?

कारण ती कधीच पूर्ण होत नाही. वार्ताहर नोकरी बदलतात, बीट (म्हणजे त्यांच्याकडे नेमून दिलेला विषय) बदलतात, सुट्टीवर जातात. दोन वर्षं जुन्या यादीवर मेल पाठवला की निम्मे मेल परत येतात, आणि उरलेल्यांपैकी काही अशा माणसांकडे जातात ज्यांचा आता त्या विषयाशी संबंध नाही. त्यांच्या लेखी आपली संस्था म्हणजे कचरा पाठवणारी संस्था ठरते.

चांगल्या यादीत नाव, प्रकाशन, हुद्दा, बीट, ईमेल, फोन, कुठल्या भाषेत लिहितात, संपर्काची कुठली वेळ चालते आणि 'शेवटचं कधी तपासलं' हा रकाना असतो. शेवटचा रकाना बहुतेक याद्यांत नसतो. तो आवर्जून टाका. बीट लिहिताना हुद्द्यावर विसंबू नका. त्या व्यक्तीच्या अलीकडच्या चार-पाच बातम्या वाचा आणि मग ठरवा. 'बिझनेस' एवढंच लिहिण्यापेक्षा 'लघुउद्योग आणि कर्जपुरवठा' असं लिहिलंत, तर पुढच्या माणसाला ती यादी खरोखर वापरता येते.

ही माहिती लोकांच्या खाजगी फोन नंबरांची आहे, हेही लक्षात असू द्या. यादी स्वतःच्या वैयक्तिक मेलवर पाठवू नका, मित्राला 'फक्त बघायला' देऊ नका.

एक्सेल किती यायला हवं?

फार नाही, पण जे येईल ते पक्कं यायला हवं. एका चौकटीत एकच माहिती ठेवा: नाव आणि हुद्दा एकाच ठिकाणी कोंबलेत तर पुढे गाळणी (फिल्टर) लावता येत नाही. फोन नंबरचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं. क्रम लावताना सगळा तक्ता निवडलेला आहे याची खात्री करा. एकच रकाना निवडून क्रम लावलात की नावं हलतात आणि ईमेल जागेवर राहतात, आणि मग एकाला उद्देशून लिहिलेला मेल दुसऱ्याला जातो. ही चूक दिसत नाही, म्हणूनच ती घातक आहे.

यापुढे फिल्टर, मथळ्याची ओळ जागेवर धरून ठेवणारं फ्रीज पेन्स, दुबार नोंदी काढणं, जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिम, दोन याद्या जुळवणारं व्हीलुकअप आणि महिन्याचं कव्हरेज, म्हणजे छापून आलेल्या बातम्या, मोजायला पिव्हट टेबल, एवढं आलं की इंटर्नशिपभर पुरतं. दुबार नोंदी काढण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवायची सवय लावा.

ऑफिसचे मेल कसे लिहायचे?

विषयाच्या ओळीपासून सुरुवात करू. 'प्रेस नोट' असा विषय लिहिलेला मेल संध्याकाळपर्यंत शंभर मेलखाली गाडला जातो. 'मंजुरी हवी: गुरुवारची प्रेस नोट, आज ४ वाजेपर्यंत' असं लिहिलं की मेल न उघडताही काय करायचं आणि कधीपर्यंत, ते कळतं. मजकुराच्या पहिल्या वाक्यात मागणी, नंतर कारण, नंतर तपशील. आपण शाळेत पत्रलेखन शिकलो ते नेमकं उलट्या क्रमाने: आधी पार्श्वभूमी, मग विनंती. ऑफिसात वाचणारा विनंतीपर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

सीसी आणि बीसीसी यांतला फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या. सीसीमधली नावं सगळ्यांना दिसतात. बीसीसीमधली कुणालाच दिसत नाहीत. पत्रकारांच्या यादीला एकच मेल 'टू' किंवा सीसीमध्ये टाकून पाठवला, तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला जातो आणि आपण इतर कुणाकुणाला तीच बातमी देतोय हेही उघड होतं. बीसीसी त्यातून वाचवतं, पण सगळ्यात चांगलं म्हणजे एकेकाला स्वतंत्र मेल, त्याच्या कामाशी जोडणाऱ्या एका ओळीसह. यादीतल्या प्रत्येकासाठी वेगळा मेल तयार करणाऱ्या मेल मर्जने नावं आपोआप भरता येतात. ती ओळ मात्र स्वतः लिहावी लागते.

पत्ता सगळ्यात शेवटी भरा. मजकूर झाला, जोडणी (अटॅचमेंट) लावली, एकदा वाचून पाहिलं, मग पत्ता. अर्धवट मेल चुकून सुटण्याची शक्यताच उरत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याचा अवधी ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतो, तोही वाढवून ठेवा.

फाइलला नाव काय द्यायचं?

'फायनल', 'फायनल२', 'एकदम फायनल' हे नको. आधी तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा, म्हणजे फोल्डरमध्ये फाइल आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. त्यानंतर क्लायंट, विषय आणि आवृत्तीचा क्रमांक. मंजूर झालेल्या प्रतीच्या नावात 'मंजूर' असं लिहा आणि ती पीडीएफ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

प्रेस नोट लिहायला कुठून सुरुवात करू?

आधी ती कशासाठी जन्मली ते पाहा. १९०६ साली ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गावरची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. रेल्वेसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी माहिती दडपण्याऐवजी कंपनीच्या बाजूने निवेदन काढून वृत्तपत्रांना दिलं. आजच्या प्रेस नोटची सुरुवात साधारण त्या निवेदनापासून मानतात. याच ली यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रांसाठी आपली तत्त्वं जाहीर केली होती; काम उघडपणे करू आणि माहिती अचूक देऊ, हा त्यांचा गाभा होता. ली यांच्या पुढच्या कारकिर्दीवर टीकाही झाली, पण ही कसोटी टिकली: पत्रकाराला तपासता येईल अशी माहिती वेळेत देणं.

म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर कोण, काय, कधी, कुठे, का, कसं यांची उत्तरं लिहून काढा. एखादं उत्तर मिळत नसेल तर लिहू नका, आधी विचारा. मग पहिल्या परिच्छेदात बातमी संपवा. हो, संपवा. त्यापुढचं सगळं उतरत्या महत्त्वाने लावा, कारण जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा पाचव्या परिच्छेदात असेल तर तो वाचकापर्यंत पोचणारच नाही.

मथळ्यात क्रियापद हवं. 'नव्या उपक्रमाविषयी' हा मथळा नव्हे, ती फाइलवरची चिठ्ठी झाली. विशेषणं जितकी काढाल तितकं बरं. 'अग्रगण्य', 'अभूतपूर्व', 'क्रांतिकारी' हे शब्द वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवर सगळ्यात आधी कापले जातात. शेवटी संस्थेविषयीचा ठरलेला परिच्छेद, त्याखाली संपर्कासाठी नाव आणि नंबर. तो नंबर खरोखर उचलला जाणार आहे ना, हे त्या व्यक्तीला विचारून घ्या.

वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने येणारं वक्तव्य मी लिहायचं? हे योग्य आहे का?

मसुदा करणं हे कामच आहे. पण ज्याच्या तोंडी ते घालताय त्याने ते वाचून लेखी मंजूर केल्याशिवाय ते बाहेर जाता कामा नये. वक्तव्यात बातमीतलीच माहिती पुन्हा लिहू नका. 'हा निर्णय का घेतला' किंवा 'यानंतर काय बदलेल' हे माणसाच्या तोंडी शोभतं. 'आम्हाला घोषणा करताना आनंद होत आहे' हे कुणीच छापत नाही. लिहून झालं की मोठ्याने वाचा. बोलताना दम लागला तर वाक्य लांब आहे.

एम्बार्गो म्हणजे काय?

माहिती आधी द्यायची, पण ठरलेल्या वेळेपूर्वी छापायची नाही, असा समझोता. तो समझोता आहे, हुकूम नाही. पत्रकाराने आधी 'हो' म्हटलं पाहिजे, नंतर मजकूर पाठवायचा. मेलवर नुसतं 'एम्बार्गो' असं लिहून मजकूर धाडून दिला तर समोरचा बांधील राहतोच असं नाही. तारीख, वेळ आणि दुसऱ्या देशातला पत्रकार असेल तर कुठल्या देशाची वेळ, हे स्पष्ट लिहा.

इंग्रजी प्रेस नोट मराठीत करायला देतात. माझा मजकूर यंत्रासारखा का वाटतो?

कारण तुम्ही वाक्यामागून वाक्य उतरवताय. मी सगळ्यांना एकच पद्धत शिकवते. मूळ नोट दोनदा वाचा. त्यातली तथ्यं कागदावर मुद्द्यांनी लिहा: नावं, आकडे, तारखा, कोण काय म्हणालं. मग मूळ नोट बंद करा आणि ती बातमी मराठी वृत्तपत्राच्या वाचकासाठी नव्याने लिहा. लिहून झाल्यावर मूळ नोट उघडा आणि फक्त तथ्यं ताडून पाहा. वाक्यरचना ताडू नका.

'च्याद्वारे', 'करण्यात आले आहे', 'च्या माध्यमातून' यांची गर्दी झाली की समजायचं, मूळ वाक्य डोकं वर काढतंय. 'कंपनीच्या माध्यमातून प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन करण्यात आले' याऐवजी 'कंपनीने प्रशिक्षण केंद्र सुरू केले'. कर्ता पुढे आला की मराठी सरळ होते. इंग्रजीत एका वाक्यात तीन उपवाक्यं अडकवलेली असतात. मराठीत ती तीन वाक्यं करायला अजिबात कचरू नका.

प्रेस नोटची भाषा प्रमाण ठेवा, म्हणजे 'केलं' नव्हे तर 'केले'. वक्तव्यातही बहुतेक वृत्तपत्रं हीच पद्धत पाळतात. आणि व्यक्तींची नावं अंदाजाने देवनागरीत लिहू नका. इंग्रजी स्पेलिंगवरून ऱ्हस्व-दीर्घ, 'त' की 'ट', 'द' की 'ड' काहीच कळत नाही. त्या व्यक्तीला किंवा तिच्या सहायकाला फोन करून विचारा. नाव चुकीचं छापलं गेलं की बाकीची नोट कितीही चांगली असली तरी तेवढंच लक्षात राहतं.

आकड्यांत कुठे चुका होतात?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक मिलियन म्हणजे १० लाख. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. २.५ मिलियनचे २५ लाख होतात, घाईत '२.५ कोटी' लिहिलंत तर आकडा दहापट झाला. असं रूपांतर मनात करून थेट लिहू नका, शून्यं मांडून करा आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

टक्के आणि टक्केबिंदू वेगळे. एखादं प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं तर ते २ टक्केबिंदूंनी वाढलं, पण मूळ प्रमाणाच्या ५० टक्क्यांनी वाढलं. कुठला आकडा वापरायचा ते ठरवा आणि तसं स्पष्ट लिहा. 'दुप्पट झाले' आणि '२०० टक्क्यांनी वाढले' हेही एक नव्हे. २०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट.

तारखांत ०३/०४ असं कधीच लिहू नका. कुणी ३ एप्रिल वाचेल, कुणी ४ मार्च. महिना अक्षरांत लिहा. वार लिहिला असेल तर कॅलेंडर उघडून जुळवा. कार्यक्रमाच्या निमंत्रणात वार आणि तारीख जुळत नसली की फोन थांबत नाहीत.

शेवटी सगळी बेरीज करून पाहा. टक्केवारीचे तुकडे मिळून १०० होतात का? होत नसतील तर ते अपूर्णांकांच्या पूर्णांकनामुळे की कुठली तरी चूक आहे? पत्रकाराने हे विचारण्याआधी तुम्ही विचारलेलं बरं.

मराठी टायपिंगसाठी काय शिकू?

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा सर्वमान्य अक्षरपद्धतीत, टाइप करा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस जातात, पण वेग आणि अचूकता दोन्ही त्यात मिळतात. अक्षरं ध्वनीनुसार मांडलेली असल्यामुळे तो लक्षातही राहतो. रोमन अक्षरांतून टाइप करणारी साधनं चालतात, मात्र त्यांनी सुचवलेला शब्द न पाहता स्वीकारला की ऱ्हस्व-दीर्घ बिघडतं. काही ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरात असतात, म्हणून मजकूर पाठवताना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा. जोडाक्षरं फुटली तर समोरच्याला मूळ काय होतं ते पीडीएफमध्ये दिसतं.

माझं इंग्रजी कच्चं आहे. अडचण येईल का?

येईल, पण तुम्हाला वाटते तिथे नाही. उच्चारांकडे फारसं कुणी पाहत नाही. अडचण येते ती अर्ध्या समजलेल्या सूचनेवर काम सुरू केल्यामुळे. सूचना मिळाली की ती आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: 'म्हणजे मी आज यादी तपासायची आणि उद्या सकाळी फक्त पहिल्या दहा जणांना मेल करायचा, बरोबर?' हे इंग्रजीत साध्या, तुटक वाक्यांत म्हटलं तरी चालतं.

लेखी इंग्रजीसाठी ऑफिसातले चांगले मेल वाचा आणि त्यांतल्या वाक्यांच्या ठेवणी वहीत उतरवून घ्या: आठवण कशी करून दिली, नकार कसा कळवला, वेळ कशी वाढवून मागितली. मुद्दा एवढाच की वाक्यं छोटी ठेवा. ज्यांचं मराठी किंवा दुसरी एखादी भाषा चांगली आहे त्यांनी ते लपवू नये. दोन भाषांत नेमकं लिहिणारी माणसं या व्यवसायात नेहमीच कमी असतात, आणि भाषिक माध्यमांशी बोलताना ती सगळ्यांत पुढे लागतात.

पत्रकाराला फोन करायची भीती वाटते. काय बोलू?

भीती वाटणं चांगलंच आहे, त्यामुळे तयारी होते. फोन करण्याआधी तीन वाक्यं लिहून घ्या. पहिल्यात नाव आणि संस्था. दुसऱ्यात एका श्वासात सांगता येईल अशी बातमी. तिसऱ्यात तुम्हाला काय हवंय ते. आणि नंबर लावून झाल्यावर सगळ्यात आधी 'आत्ता दोन मिनिटं आहेत का?' हे विचारा. 'नाही' म्हणाले तर कधी करू ते विचारून फोन ठेवा. दैनिकाचं पान लागायच्या वेळी, म्हणजे संध्याकाळनंतर, साध्या बातमीसाठी फोन करू नका.

'माझा मेल मिळाला का?' एवढ्यासाठी केलेला फोन पत्रकारांना मनापासून नकोसा असतो, आणि त्यांचं बरोबर आहे. फॉलोअप करायचा तर हातात नवीन काहीतरी हवं: एखादा आकडा, मुलाखतीची वेळ, फोटो.

त्यांनी विचारलेलं तुम्हाला माहीत नसेल तर अंदाज सांगू नका. 'तपासून पाच वाजेपर्यंत कळवते' म्हणा, आणि पाच वाजता उत्तर मिळालेलं नसलं तरी 'अजून मिळालं नाही' हे कळवायला फोन करा. ओळख वाढते ती अशा फोनांनीच. पत्रकाराचा फोन तुम्हाला आला तर नाव, प्रकाशन, नेमका प्रश्न, डेडलाइन आणि नंबर लिहून घ्या. उत्तर द्यायचं काम तुमचं नाही, निरोप अचूक पोचवायचं आहे. आणि 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे छापायचं नाही या बोलीवर काही सांगणं, हा प्रकार इंटर्नसाठी नसतोच; तुम्ही जे बोलाल ते छापलं जाऊ शकतं असं धरून चाला.

फोटो पाठवताना काय पाहायचं?

छपाईसाठी साधारण ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) लागतं. ६ बाय ४ इंचांच्या फोटोला त्या हिशेबाने १८०० बाय १२०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि ती लिंक बाहेरच्या माणसाला उघडते का ते खाजगी विंडोत तपासा. फोटोखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आणि हुद्दे. नावाशिवायचा फोटो निरुपयोगी.

मीटिंगची टिपणं कशी घ्यायची?

कोण काय बोललं ते सगळं उतरवू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. जे ठरलं नाही ते वेगळ्या मथळ्याखाली. टिपणं त्याच दिवशी पाठवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळंच आठवतं. एखाद्या कामापुढे नाव नसेल तर मीटिंग संपायच्या आत 'हे कुणाकडे लिहू?' असं विचारा. इंटर्नने विचारलेल्या या प्रश्नाचं कुणालाही वाईट वाटत नाही.

क्लायंटवर संकट आलं तर इंटर्नने काय करायचं?

आधी न करण्याची गोष्ट: समाजमाध्यमांवर स्वतःच्या खात्यावरून क्लायंटची बाजू मांडायला जाऊ नका.

अशा वेळी ज्याचा दाखला सगळीकडे देतात ते प्रकरण १९८२ चं. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना गोळ्या घेऊ नका असं सांगितलं, आणि पुढे छेडछाड झाली तर दिसेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. मोठे निर्णय वर झाले. पण अशा दिवसांत खालच्या फळीत जे काम चालतं ते नोंदींचं असतं. प्रत्येक फोनची वेळ, कुणाचा, काय विचारलं, कुणाकडे दिलं, उत्तर गेलं का, हे सगळं एका तक्त्यात. कुठली अफवा कुठे पसरतेय त्याचे स्क्रीनशॉट वेळेसह. मंजूर निवेदनाची कुठली आवृत्ती चालू आहे हे सगळ्यांना माहीत असणं. दुपारी कुणीतरी विचारतं, 'त्या वाहिनीला उत्तर गेलं होतं का?', आणि तुमच्या तक्त्यात त्याचं उत्तर असतं. इंटर्नकडून त्या दिवशी याहून मोठी मदत होऊच शकत नाही.

कव्हरेज रिपोर्टमध्ये 'जाहिरात-मूल्य' लिहायला सांगतात. ते बरोबर आहे का?

बातमीने व्यापलेली जागा जाहिरात म्हणून विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते, असा तो हिशेब. व्यवसायाने तो नाकारलेला आहे. २०१० साली बार्सिलोना इथे मापनासंबंधीची तत्त्वं मांडली गेली. त्यांत जाहिरात-मूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे असं स्वच्छ म्हटलंय. विरोधातल्या बातमीलाही ते मूल्य भरपूर निघतं, यावरून त्यातला दोष कळावा. तरी काही क्लायंट अजून मागतात. इंटर्न म्हणून तुम्ही सांगितलेला रकाना भरा, पण शेजारी आणखी काही रकाने सुचवा: ठरवलेला संदेश बातमीत आला का, वक्तव्य वापरलं का, सूर कसा होता, वाचक आपल्याला हवा तोच होता का. बातमी आल्यानंतर संकेतस्थळावर किती लोक आले, चौकशा वाढल्या का, हा आकडा मिळाला तर तो सगळ्यांत वर.

एआयची मदत घेतली तर चालेल?

संस्थेचा नियम काय आहे ते आधी विचारा. जाहीर न झालेली माहिती, निकालांचे आकडे, मीडिया लिस्ट यांतलं काहीही बाहेरच्या साधनात टाकू नका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल वेळेआधी फुटणं हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. मथळ्याचे पर्याय, मुद्द्यांची जुळवाजुळव यासाठी उपयोग होतो. तथ्यं, नावं आणि वक्तव्यं यांवर मात्र विश्वास ठेवू नका. ती मूळ कागदाशी ताडा. आणि मराठी मजकूर तर प्रत्येक ओळ वाचूनच पुढे पाठवा.

माझा मसुदा पूर्ण लाल होऊन परत येतो. मी इतकं वाईट लिहितेय का?

लाल होऊन येतोय म्हणजे कुणीतरी वेळ देऊन वाचतंय. सगळे बदल एका क्लिकमध्ये स्वीकारू नका. एकेक बदल पाहा आणि तो कशासाठी केला ते स्वतःला सांगा: तथ्य चुकलं, क्रम चुकला, शब्द जड होता, की संपादकाची निव्वळ आवड? पहिल्या तीन प्रकारांची वही ठेवा. पुढचा मसुदा पाठवण्याआधी ती वही उघडा. एखादा बदल कळला नाही तर विचारा, पण 'हे का बदललं?' असं मोघम नको. 'इथे आकडा खाली नेलात, कारण तो अजून जाहीर नाही म्हणून का?' असं विचारलं की उत्तरही तसंच नेमकं मिळतं.

माझ्याकडून फक्त झेरॉक्स आणि कुरिअरची कामं करून घेतात. काय करू?

थोडे दिवस ठीक. नंतर मार्गदर्शकाकडे जा आणि नेमकं एक काम मागा: 'पुढच्या नोटचा पहिला मसुदा मी करू का? तुमच्या वेळेच्या एक दिवस आधी देते.' 'काहीतरी शिकवा' या विनंतीवर कुणाला काय करावं ते सुचत नाही. मागूनही महिनोन्महिने काही बदललं नाही, तर कॉलेजच्या समन्वयकाशी बोला. तो तुमचा हक्क आहे.

पोर्टफोलिओत काय दाखवता येतं?

जे प्रसिद्ध झालंय ते. त्यात तुमचा वाटा किती होता ते खरं लिहा, जसं 'पहिला मसुदा आणि मराठी आवृत्ती'. अंतर्गत रिपोर्ट, मीडिया लिस्ट, न वापरलेले मसुदे लेखी परवानगीशिवाय दाखवू नका. मुलाखतीत समोरच्याला तुमच्या आधीच्या क्लायंटची गुपितं ऐकून आनंद होत नाही, शंका येते.

शेवटच्या आठवड्यात काय करून जायचं?

हस्तांतराचं टिपण. चालू असलेली कामं, प्रत्येक कुठवर आलंय, पुढची पायरी कोणती, कोणत्या पत्रकाराला काय देण्याचं कबूल केलंय आणि कधी. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहेत. तुमच्या वैयक्तिक खात्यावर तयार झालेली कागदपत्रं संस्थेच्या खात्याच्या मालकीची करून द्या, नाहीतर तुमचा प्रवेश बंद झाला की बाकीच्यांचाही होतो. पासवर्ड मेलमध्ये लिहू नका. टिपण तयार झालं की ते अशा सहकाऱ्याला वाचायला द्या ज्याला त्या क्लायंटचं काही माहीत नाही. त्याने जे जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्यात भरा आणि मग पाठवा.